प्रागचा जुना भाग पायी पाहताना : अनुभव धागा

सांजवात (धागा काढणारी) :

प्रागला राहिलेले, शिकायला असलेले, कामानिमित्त वरचेवर जाणारे बरेच जण आपल्यात आहेत, म्हणून हा धागा. व्लतावा नदीच्या उजव्या काठावरचं स्तारे म्येस्तो (जुनं गाव) आणि योसेफोव (जुनी ज्यू वस्ती), डाव्या काठावरचं माला स्त्राना आणि त्याच्या डोक्यावरचा किल्ला, एवढा भाग चालतच पाहायचा असतो. १९९२ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. नकाशावर टिचभर दिसतो, पण क्रम चुकला की दिवस हातचा जातो.

प्रवासवर्णनं नकोत, ती ढिगाने आहेत. कुठून सुरुवात करावी, कुठे पाय घसरतो, कुठे पैसे गळतात आणि का, एवढं लिहा. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी आणि शाकाहाऱ्यांसाठी लिहिलंत तर सोन्याहून पिवळं. तिकिटांचे आकडे मात्र टाळा, ते सारखे बदलतात.

पायपीट :

सुरुवात वरून करा. किल्ला टेकडीवर आहे. खालून नेरुदोवा गल्ली चढत गेलात तर निम्मा दम तिथेच जातो, आणि मग वरच्या रांगेत उभं राहायचं त्राण उरत नाही. मालोस्त्रान्स्का मेट्रो स्टेशनच्या बाहेर २२ नंबरची ट्राम मिळते. 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यावर डबा रिकामा होतो, तेव्हा तुम्ही बसून राहा. त्यापुढचा 'ब्रुस्नित्से' सोडा आणि 'पोहोर्झेलेत्स'ला उतरा. थोडंसं चढून स्त्राहोव मठाचं आवार लागतं. त्याच्या गच्चीवरून सगळं शहर एका नजरेत येतं आणि आपल्याला कुठे-कुठे उतरत जायचंय ते कळतं. पुढे जवळजवळ सगळा उतार.

मठातून लोरेता चर्चकडे या. तिथल्या घंटा तासाच्या ठोक्याला धून वाजवतात, म्हणून पाच मिनिटं आधी पोचा. लोरेताच्या मागे खालच्या अंगाला नोव्ही स्व्येत ही बुटक्या घरांची गल्ली आहे. पंधरा मिनिटांचा फेरा पडतो, पण किल्ल्याला लागून असूनही गर्दी तिकडे फिरकत नाही. तिथून ह्राद्चान्स्के नाम्येस्ती चौकात आलात की समोर किल्ल्याचं दार.

दारावर कधीकधी सामानाची तपासणी होते. फळं कापायची सुरी पिशवीत असेल तर हॉटेलवरच ठेवा. आवार सकाळी ६ ते रात्री १० खुलं असतं आणि आवारात फिरायला पैसे नाहीत. तिकीट लागतं ते सेंट व्हायटस कॅथीड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्जची बॅसिलिका आणि सोनेरी गल्ली यांना. ते दोन दिवस चालतं, त्यामुळे सगळं एका दमात उरकायची गरज नाही. रविवारी सकाळी कॅथीड्रलमध्ये प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारी १२ नंतरच सोडतात. बरेच लोक नेमका रविवार सकाळ धरून जातात आणि बंद दारापुढे उभे राहतात.

कॅथीड्रलच्या पश्चिम दर्शनी भागाचा फोटो काढायच्या फंदात पडू नका. कमानीतून बाहेर पडलं की भिंत थेट नाकासमोर येते, मागे सरकायला जागाच नाही. वळसा घालून दक्षिण बाजूच्या चौकात या. तिथे उंच मनोरा पायथ्यापासून टोकापर्यंत दिसतो आणि त्याच्या शेजारी सोनेरी दरवाज्यावरचं चौदाव्या शतकातलं मोझॅकही. या कॅथीड्रलचा पाया १३४४ चा आणि बांधकाम पूर्ण झालं १९२९ साली. आत शिरल्यावर जुना आणि नवा भाग कुठे जुळतो ते शोधत बसायला मजा येते.

बाहेर पडताना पूर्वेच्या दाराने निघा. जुन्या पायऱ्या उतरून पुन्हा मालोस्त्रान्स्का स्टेशनपाशीच येता. स्टेशनला लागूनच वाल्डस्टाइनच्या बागेचं दार आहे. एप्रिल ते ऑक्टोबर खुली, तिकीट नाही, बसायला बाकं आहेत.

खडूस पेन्शनर :

पायपीट यांचा मार्ग गुडघ्यांच्या सोयीचा आहे, मान्य. पण शहर उलटं वाचल्यासारखं होतं. बोहेमियाचे (आजच्या चेक देशाचा मोठा भाग) राजे राज्याभिषेकाला ज्या वाटेने जात ती खालून वर जाते: बारूद बुरूज (पायाभरणी १४७५), त्सेलेत्ना रस्ता, जुना चौक, कार्लोवा गल्ली, चार्ल्स पूल, मोस्तेत्स्का, नेरुदोवा, किल्ला. शेवटचा अभिषेक १८३६ सालचा. सगळं अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास. त्या वाटेवर प्रत्येक वळणाला पुढचं ठिकाण थोडं थोडं दिसत जातं. उतरताना ते सगळं पाठीमागे राहतं.

फक्त वेळ गाठायला हवी. उन्हाळ्यात साडेसहाला बुरुजाखालून निघा. चौकात तेव्हा सफाईच्या गाड्या आणि कबुतरं एवढंच असतं. सातच्या सुमारास पूल, साडेसातला नेरुदोवा. कॅथीड्रल ९ वाजता उघडतं, तेव्हा तुम्ही रांगेत पुढे असता. दहानंतर हाच रस्ता धरलात तर कार्लोवा गल्लीत नुसतं रेटत राहायचं.

नेरुदोवा चढताना धाप लागली की थांबायला चांगलं निमित्त आहे. घरांना नंबर १७७० मध्ये आले. त्याआधी घर ओळखायचं ते दारावरच्या चिन्हावरून. १२ नंबरच्या घरावर तीन व्हायोलिनं आहेत, तिथे व्हायोलिन बनवणारं घराणं राहत असे. ४७ नंबरवर दोन सूर्य आहेत, तिथे कवी यान नेरुदा राहिले. गल्लीला नाव त्यांचंच. चिन्हं दाराच्या वर, पहिल्या मजल्याच्या आसपास असतात. त्याच बाजूच्या फुटपाथवरून मान कितीही वर केली तरी नीट दिसत नाहीत, समोरच्या बाजूने चाला.

ठेचकाळे :

पायातल्या जोड्यांबद्दल कोणी लिहिणार की मीच लिहू?

रस्त्याला ग्रॅनाइटचे मोठे गोलसर दगड आणि फुटपाथला बारीक दगडांची नक्षी, असे दोन प्रकार आहेत. मोठ्या दगडांवर टाच दोन दगडांच्या फटीत बसते आणि घोटा मुरगळतो. बारीक नक्षी दिसायला सपाट, पण वर्षानुवर्षं पाय घासून गुळगुळीत झालेली. पाऊस पडला की खरा धोका तिचा, मोठ्या दगडांचा नाही. कडक तळाचे चामडी बूट आणि झिजलेले स्पोर्ट्स शूज दोन्ही तिथे सटकतात. मऊ रबरी तळ, खोल खाचा आणि टाच घट्ट धरणारा बूट हवा. तळ फार पातळ असेल तर संध्याकाळपर्यंत प्रत्येक दगड तळव्याला मोजून देतो. नवी जोडी थेट तिथे काढू नका, निदान दोन आठवडे घरी वापरा.

चाकांची बॅग या दगडांवरून ओढली तर आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जातो, आणि स्वस्त चाकांचा आस तिथेच निखळतो. शेवटच्या दिवशी खोली सोडल्यावर बॅग मुख्य रेल्वे स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका आणि मोकळ्या हाताने फिरा.

आणखी एक. झेब्रा क्रॉसिंग असलं तरी ट्रामला पादचाऱ्यापेक्षा प्राधान्य आहे, हा तिथला कायदाच आहे. मोटार थांबेल, ट्राम थांबणार नाही. पुलाच्या जुन्या गावाकडच्या तोंडाशी रुळ ओलांडावे लागतात आणि तिथेच सगळे पुलाचा फोटो काढायला मागे मागे सरकत असतात.

कोकणी कावळा :

चार्ल्स पूल. १३५७ साली राजा चौथ्या चार्ल्सने सुरू केला. लांबी ५१६ मीटर, कमानी १६, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे. यातले बरेचसे आता प्रती आहेत. मूळ शिल्पं हवा-पाण्याने झिजायला लागली म्हणून हलवली. ती व्हिस्तावीष्त्ये भागातल्या लापिदारियममध्ये (दगडी शिल्पांचं संग्रहालय) आणि काही विशेह्राद किल्ल्याच्या तळघरात ठेवलेली आहेत.

गर्दी एका पुतळ्यापाशी असते: किल्ल्याकडे जाताना उजव्या हाताचा आठवा, नेपोमुकचा सेंट जॉन. १६८३ चा, पुलावरचा सर्वांत जुना पुतळा. १३९३ मध्ये या संताला नदीत फेकलं. खालच्या धातूच्या पट्ट्या हात लावून लावून पिवळ्याधमक झाल्यात. तिथे रांग लावण्यात अर्थ नाही.

आपल्याकडच्यांनी थांबायचं ते डाव्या हाताच्या पाचव्या पुतळ्यापाशी. तो सेंट फ्रान्सिस झेवियर, जुन्या गोव्यात बाँ जेझुस चर्चमध्ये ज्याचं शव आहे तोच. फर्डिनांड ब्रोकोफने १७११ मध्ये घडवला. वर संत क्रूस उचलून उभा, त्याच्यासमोर बाप्तिस्म्यासाठी गुडघे टेकलेला परदेशी राजपुत्र, आणि हा सगळा भार खांद्यावर पेलणारी पूर्वेकडची माणसं. अठराव्या शतकातल्या प्रागच्या शिल्पकाराच्या डोळ्यांसमोर 'हिंदी माणूस' कसा होता ते खालच्या चेहऱ्यांवरून कळतं. फेटे, पिसं, मिशा यांची सरमिसळ बघून हसू येतं आणि थोडा रागही. १८९० च्या पुरात हा पुतळा नदीत कोसळला. आज दिसते ती १९१३ ची प्रत. खालच्या आकृती बघायला कठड्याच्या अगदी कडेला, पुतळ्याच्या दोन्ही बाजूंनी तिरकं उभं राहावं लागतं. समोरून फक्त संत दिसतो.

पूल वरून पाहायचा तर जुन्या गावाकडच्या मनोऱ्याच्या १३८ पायऱ्या चढा. संध्याकाळी चढलात तर सूर्य किल्ल्यामागे जातो, इमारतींच्या नुसत्या बाह्याकृती दिसतात. पुतळ्यांच्या चेहऱ्यांवर आणि किल्ल्यावर ऊन हवं तर सकाळी.

पंचांगवाले :

जुन्या चौकात टाउन हॉलच्या भिंतीवर असलेल्या खगोलीय घड्याळावर लिहितो, कारण लोक तिथे चुकीच्या वेळी जातात. सकाळी ९ ते रात्री ११ दर तासाला प्रेषितांच्या बाहुल्या खिडक्यांतून फिरतात, सांगाडा घंटा ओढतो, शेवटी कोंबडा आरवतो. सगळा खेळ मिनिटभराचा. त्यासाठी वीस मिनिटं आधीपासून माना वर करून उभी असलेली गर्दी ही खिसेकापूंची पर्वणी. पाकीट मागच्या खिशात नको, पाठीवरची पिशवी पोटावर घ्या.

घड्याळ बघायचं ते ठोका पडून गेल्यावर दहा मिनिटांनी, चौक मोकळा झाला की. ते १४१० चं आहे आणि अजून चालतं. सगळ्यात बाहेरचं काळं वर्तुळ जुन्या बोहेमियन वेळेचं: दिवस सूर्यास्ताला संपतो आणि तिथून पुन्हा एकपासून मोजणी. सूर्यास्ताची वेळ रोज सरकते म्हणून ते वर्तुळच फिरतं. आपल्याकडे घटिका सूर्योदयापासून मोजत, इथे सूर्यास्तापासून, एवढाच फरक. आतले रोमन आकडे नेहमीच्या वेळेचे. निळा भाग म्हणजे दिवस, तांबूस भाग संधिप्रकाश, काळा भाग रात्र. सूर्याचा सोनेरी गोळा कोणत्या भागात आहे ते बघा. चंद्राचा गोळा अर्धा काळा, अर्धा चंदेरी आहे आणि स्वतःभोवती फिरून कला दाखवतो.

राशीचक्र सरकतं, त्यावरून सूर्याची रास वाचता येते. पण ही सायन रास, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली. आपल्या पंचांगातल्या, ताऱ्यांवरून मोजलेल्या निरयन राशीशी ताडून बघाल तर सूर्य सुमारे २४ अंश पुढे दिसेल. मार्चच्या अखेरीस घड्याळात मेष, पंचांगात अजून मीन. घड्याळ बिघडलंय म्हणून गाइडशी वाद घालू नका.

त्याच इमारतीला वळसा घाला. पूर्वेच्या भिंतीसमोर फरसबंदीत २७ पांढरे क्रूस आहेत, २१ जून १६२१ रोजी इथे देहदंड दिलेल्या २७ जणांचे. त्यावरून रोज हजारो लोक चालत जातात, खाली कोणी बघत नाही. मनोऱ्यावर जायला लिफ्ट आहे, हे ज्येष्ठांच्या कामाचं.

हिशेबी :

पैशांचं. तिथे कोरुना चालतो. युरो घेणारी दुकानं आहेत, पण भाव त्यांचा.

चलन बदलायच्या टपऱ्यांवर 'शून्य कमिशन' ठळक लिहिलेलं असतं. ते खरंच असतं, कारण कमाई भावातच लपवलेली असते. फलकावर 'नाकुप' (खरेदी) आणि 'प्रोदेय' (विक्री) असे दोन रकाने दिसतात. तुम्ही युरो देऊन कोरुना घेणार, म्हणजे टपरीवाला तुमचे युरो विकत घेणार, म्हणून तुमचा रकाना 'नाकुप'. मोठ्या अक्षरात टांगलेला असतो तो बहुधा दुसरा. नोटा देण्याआधी 'एवढ्याचे हातात किती मिळतील' ते कागदावर लिहून मागा. तरीही फसगत झालीच, तर २०१९ पासूनच्या कायद्यानुसार १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती मात्र हवी. रस्त्यात हटकून चांगला भाव देतो म्हणणारा माणूस दुसऱ्याच देशाच्या बाद नोटा हातात कोंबतो, त्याच्याकडे बघूसुद्धा नका.

एटीएम आणि कार्डाच्या यंत्रावर 'तुमच्या चलनात रक्कम घेऊ का' असा प्रश्न आला की नाही म्हणा आणि कोरुनातच घ्या. होय म्हटलं की यंत्रवाल्याचा भाव लागतो, बँकेचा नाही.

चौकातल्या ठेल्यांवर फिरवून भाजलेला हॅम दिसतो. लिहिलेला भाव १०० ग्रॅमचा असतो. विक्रेता कापतो तो तुकडा त्याच्या कितीतरी पट. 'शंभर ग्रॅम' हे आधी बोलून ठेवा. हॉटेलात न मागता आलेल्या पावाच्या टोपलीचेही पैसे लागतात, नको असेल तर परत पाठवा.

ट्रामचं कागदी तिकीट घेतल्यावर पिवळ्या यंत्रात घालून वेळेचा शिक्का उठवायचा. खिशात तिकीट आहे पण शिक्का नाही, तर तो विनातिकीटच. ट्राममधल्या यंत्रावर कार्ड टेकवून घेतलेल्या तिकिटाला मात्र शिक्का लागत नाही.

मीनलमावशी :

आई-बाबांना नेणाऱ्यांसाठी. २२ ट्राम खरी, पण पोहोर्झेलेत्सऐवजी 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यावरच उतरा. तिथून खंदकावरच्या पुलावरून किल्ल्याच्या दुसऱ्या चौकात जाणारा रस्ता सपाट आहे, पाच-सात मिनिटांचा. उतरताना पूर्वेच्या पायऱ्या टाळा. पायऱ्या रुंद आणि तिरप्या आहेत, एका पायरीत दीड पाऊल पडतं, लय बसत नाही आणि गुडघ्यावर ताण येतो. आले त्याच थांब्यावर परत जा आणि ट्रामने खाली या.

मेट्रोचे सरकते जिने लांब आणि चांगलेच वेगवान आहेत. पाऊल ठेवताना दचकायला होतं. आधी हात पट्ट्यावर, मग पाय. काठी असलेल्यांनी मेट्रो सोडून ट्रामच धरावी. बसक्या तळाची (चढायला पायरी नसलेली) ट्राम येते का ते थांब्याच्या वेळापत्रकावर चाकाच्या खुर्चीच्या चिन्हाने दाखवलेलं असतं.

दुपारी बसायला वेन्सेस्लास चौकाजवळ फ्रान्सिस्कन बाग आहे. स्व्येतोझोर पॅसेजमधून आत जाता येतं. चौकापासून दोन मिनिटांवर असूनही शांत.

उकडीचा मोदक :

मीनलमावशी, खाण्याचं मी लिहिते. 'बेझ मासा' म्हणजे मांसाशिवाय. पण एवढ्याने भागत नाही, कारण काहींच्या लेखी हॅम हे मांसात मोडत नाही. 'बेझ शुन्की' हेही जोडा. हमखास मिळणारा पदार्थ 'स्माझेनी सीर', जाड चीजची लादी पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली, बटाट्याबरोबर. सोबतच्या पांढऱ्या सॉसमध्ये अंडं असतं. 'ब्रांबोराक' हा लसूण घातलेला बटाट्याचा धिरडा, आपल्या जिभेला लगेच पटतो, पण पिठात अंडं असतं आणि कधी हॅमचे तुकडेही. सूप बटाट्याचं असलं तरी आतलं पाणी हाडांचं असू शकतं, विचारून घ्या. जैन मंडळींनी थेपले न्यावेत, वाद नको.

साधारण ११ ते २ दुपारचा 'देनी मेन्यू' असतो, दोन-तीन ठरलेले पदार्थ, स्वस्त आणि लगेच येणारे. चौकापासून दोन गल्ल्या दूर गेलं की फलक फक्त चेकमध्ये दिसायला लागतात, तिथे शिरा. धुरांड्यासारखा गोल गोड पाव, त्रदेल्निक, 'जुना बोहेमियन' म्हणून विकतात. प्रागमध्ये तो पर्यटकांसाठीच आलेला आहे. गरम असताना बरा लागतो, एवढंच. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली सोबत ठेवा.

आडगल्ली :

पत्ता शोधताना घरावर दोन पाट्या दिसतील, लाल आणि निळी. गोंधळ इथे होतो. लाल नंबर त्या विभागात घरं नोंदली गेली त्या क्रमाचा, शेजारच्या घराचा त्याच्याशी काही संबंध नसतो. रस्त्यावरून क्रमाने जाणारा नंबर निळ्या पाटीवरचा. पत्त्यात '२३५/१२' असं असेल तर तुम्हाला १२ शोधायचाय.

वाट विचारताना उच्चार जवळपास बरोबर हवा. चेक लिपीतला सी म्हणजे 'त्स' आणि जे म्हणजे 'य'. 'सेलेटना' विचारलं तर समोरचा माणूस कोरा चेहरा करतो, 'त्सेलेत्ना' म्हटलं की हात दाखवतो.

कार्लोवा गल्ली टाळायची युक्ती पेन्शनर काकांनी सांगितली नाही. मारियान्स्के चौकातून क्लेमेंतिनुम या जुन्या इमारतींच्या आवारात शिरा, आतल्या अंगणांमधून चालत थेट पुलाच्या तोंडाशी निघता. त्या अंगणांमध्ये शुकशुकाट असतो. दुसरी वाट दक्षिणेकडून, रझेत्येझोवा आणि आनेन्स्का या गल्ल्यांनी. दोन्हीकडून पोचायला कार्लोवाइतकाच वेळ लागतो, धक्के मात्र खावे लागत नाहीत.

योसेफोव शनिवारी ठेवू नका. ज्यू म्युझियमच्या इमारती आणि जुनं कब्रस्तान शनिवारी आणि ज्यू सणांना बंद असतं. बंद असताना गेलातच तर ज्यू टाउन हॉलचं खालचं घड्याळ बाहेरूनच बघता येतं. हिब्रू अक्षरांचं, काटे उलटे फिरणारं.

खडूस पेन्शनर :

आडगल्ली, क्लेमेंतिनुमची वाट मुद्दाम लिहिली नव्हती. आता तिथेही गर्दी होणार.

डिसेंबरात जाणाऱ्यांसाठी राहिलंच: चारच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वानऊला. हिवाळ्यात किल्ल्यातल्या वास्तू ४ लाच बंद होतात, तेव्हा किल्ला सकाळी आणि पूल संध्याकाळी. सार्वजनिक स्वच्छतागृहांना सुटी नाणी लागतात, १० आणि २० कोरुनांची वेगळ्या खिशात ठेवा.